रुग्णांच्या नोंदी आणि ब्लॉकचेन : साखळीत नेमके काय ठेवायचे?

नोंदवही (प्रश्न)

नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंद विभागात बरीच वर्षे काम करते आहे. आमचे रुग्णालय, आणखी दोन रुग्णालये, दोन पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि एक रक्तपेढी अशा सहा संस्थांनी रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी एकमेकींना उपलब्ध करून द्याव्यात असे ठरते आहे आणि त्याचा पहिला आराखडा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या निमित्ताने झालेल्या एका सादरीकरणात आम्हाला सांगण्यात आले की, सगळ्या नोंदी एकदा ब्लॉकचेनवर टाकल्या की त्या कोणाला चोरता येणार नाहीत, कोणाला बदलता येणार नाहीत आणि रुग्ण स्वतःच आपल्या माहितीचा मालक होईल. ऐकताना हे पटत गेले. पण मी रोज हाताळते त्या नोंदींशी ताडून पाहायला बसले तेव्हा एकेक वाक्य अडू लागले.

मला या तंत्राविषयी मुळात आस्था का वाटली तेही सांगते. मध्यंतरी आमच्याकडे एका रुग्णाच्या पोटॅशियमच्या अहवालावरून मोठा वाद झाला. प्रयोगशाळेचे म्हणणे होते की त्यांनी ६.१ हा आकडा पाठवला. आमच्या संगणकावर आणि केस पेपरला लावलेल्या छापील प्रतीवर मात्र ५.१ होता. प्रत्येकाच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकाचाच आकडा, आणि त्या डेटाबेसचा लॉगही त्याच संस्थेच्या ताब्यात. रुग्ण सुखरूप घरी गेला, पण कोणाच्या बाजूला चूक झाली हे शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही, आणि त्या चौकशीत रात्रपाळीच्या एका परिचारिकेला विनाकारण जो मनस्ताप झाला तो मी विसरू शकत नाही. अशा वेळी कोणाच्याही एकट्याच्या ताब्यात नसलेली एखादी नोंद असती तर, असे तेव्हापासून वाटते.

आता माझ्या अडचणी. संपूर्ण नोंद साखळीवर ठेवायची की अन्य कोठे? नोंद बदलताच येणार नसेल, तर चुकीच्या रुग्णाच्या नावावर पडलेला अहवाल दुरुस्त कसा करायचा? एखाद्या रुग्णाने आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी केली आणि कायद्याने ती मान्य करणे भाग असेल, तर काय करायचे? रुग्ण मालक होईल म्हणजे व्यवहारात काय होईल? आणि हे सगळे एखाद्या चांगल्या साध्या डेटाबेसने होणार नाही का? मी तंत्रज्ञ नाही. त्यामुळे थोडे सविस्तर उत्तर मिळाले तर आराखड्यात मला समजलेलेच लिहिता येईल.

साखळीकडी

नोंदवहीताई, तुम्ही सांगितलेला पोटॅशियमचा वाद हेच या तंत्राचे खरे काम आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रयोगशाळेने अहवाल पूर्ण केला की त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढायचा. एसएचए-२५६ ही रूढ पद्धत वापरली तर फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची, हॅश २५६ बिटांचाच येतो; षोडशमान पद्धतीने लिहिला तर तो ६४ अक्षरांचा होतो. फाइलमध्ये ६.१ च्या जागी ५.१ केले की ही अक्षरे ओळखू येऊ नयेत इतकी बदलतात. प्रयोगशाळा या हॅशवर आपली डिजिटल सही करते आणि तो एका सामाईक खतावणीत (हीच ती ब्लॉकचेन, म्हणजे साखळी) चढवते, जिची प्रत सहाही संस्थांकडे असते. खतावणीच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश गुंफलेला असल्यामुळे मागची एखादी नोंद गुपचूप बदलायची म्हटले तर तिच्यापुढची सारी साखळी नव्याने रचावी लागते, आणि ती रचली तरी इतर पाच प्रतींशी जुळत नाही. मग वाद उभा राहिला की दोन्ही बाजूंच्या फायलींचे हॅश काढायचे आणि खतावणीतल्या हॅशशी पडताळायचे. जी फाइल जुळेल तीच प्रयोगशाळेने त्या वेळी सही करून पाठवलेली. परिचारिकेची चौकशी करायची वेळच येत नाही.

हा विचार बिटकॉइनच्या बराच आधीचा आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये डिजिटल दस्तऐवजावर काळाचा शिक्का कसा मारता येईल हे मांडले, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने ग्राहकांच्या दस्तऐवजांचा एकत्रित हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापायला सुरुवात केली. छापून घरोघरी पोहोचलेले वर्तमानपत्र पुन्हा गोळा करून बदलता येत नाही, एवढ्याच साध्या गोष्टीवर ती व्यवस्था उभी होती. २००८ च्या बिटकॉइनच्या मूळ लेखात एकूण आठ संदर्भ आहेत आणि त्यांपैकी तीन या दोघांच्या कामाचे आहेत. हे मुद्दाम सांगितले, कारण या तंत्राचा गाभा साक्ष ठेवण्याचा आहे हे त्यावरून ध्यानात येते. कुलूप लावणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

म्हणूनच संपूर्ण नोंद साखळीवर ठेवू नये. साखळीवर चढवलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक सदस्याच्या यंत्रावर कायमची साठते. एका सीटी स्कॅनच्या प्रतिमाच कित्येकदा काही शे मेगाबाइट भरतात, आणि बिटकॉइनचा एक ब्लॉक कित्येक वर्षे १ मेगाबाइटच्या मर्यादेत, सरासरी दहा मिनिटांनी एक, असा ठरवलेला होता. खासगी साखळीत ही मर्यादा वाढवता येते हे खरे. पण एका संस्थेच्या प्रतिमा उरलेल्या पाच जणींनी आयुष्यभर सांभाळाव्यात याला काही कारण नाही. या क्षेत्रातला सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग म्हणजे एमआयटीच्या मीडिया लॅबमधला २०१६ चा मेडरेक. तो इथेरियम या ब्लॉकचेन प्रणालीवर रचलेला होता, आणि त्यातही रुग्णाची नोंद त्या त्या वैद्यकीय संस्थेच्या डेटाबेसमध्येच राहत होती. साखळीवर होती ती नोंद कोठे आहे याची खूण, ती पाहण्याची परवानगी कोणाला आहे याचा तपशील आणि पडताळणीसाठी हॅश.

एस्टोनियाचे उदाहरण तुमच्या सादरीकरणात आले असेलच. तिथल्या नागरिकांच्या वैद्यकीय नोंदी ब्लॉकचेनवर आहेत असे सर्रास सांगितले जाते, आणि ते चूक आहे. तिथली राष्ट्रीय आरोग्य माहिती व्यवस्था २००८ पासून चालू आहे. २०१६ मध्ये गार्डटाइम या कंपनीच्या केएसआय तंत्राशी तिला जोडण्याचे ठरले. त्यात दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींची अखंडता हॅशच्या आधारे तपासता यावी हा हेतू होता. नोंदी मात्र साध्या डेटाबेसमध्येच राहिल्या. वेगवेगळ्या संस्थांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारी एक्स-रोड ही व्यवस्था तर २००१ पासूनची आहे, आणि तिची देखभाल करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिले की एक्स-रोडमध्ये ब्लॉकचेन नाही. तिथल्या रुग्णाला आपली नोंद कोणी आणि कधी उघडली हे स्वतः पाहता येते, आणि माझ्या मते त्या देशाकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे.

दुरुस्तीची काळजी करू नका. कागदी केस पेपरवर चुकीची ओळ आपण गिरवून काळी करत नाही. खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही आणि तारीख घालतो. इथेही तसेच करायचे. जुना हॅश राहतो, त्याच्यापुढे ‘ही नोंद रद्द, तिच्या जागी अमुक’ अशी सही केलेली नवी नोंद येते, आणि वाचणाऱ्या डॉक्टरला पडद्यावर फक्त दुरुस्त अहवाल दिसतो.

कोणालाही सामील होता येईल अशा सार्वजनिक साखळीची तुम्हाला गरज नाही. सहा ओळखीच्या संस्था आहेत, तेव्हा हायपरलेजर फॅब्रिकसारखी सदस्यांपुरती मर्यादित साखळी पुरेशी आहे. फक्त एक हिशेब समजून घ्या. सदस्यांची यंत्रे बंद पडतील एवढीच भीती असेल तर बहुमतावर काम भागते. पाचपैकी दोन यंत्रे बंद पडली तरी व्यवहार चालू राहतो. पण एखादा सदस्य जाणूनबुजून खोटे सांगेल अशी भीती असेल तर एका खोटारड्याला तोंड देण्यासाठी किमान चार सदस्य लागतात आणि दोघांसाठी सात. सहा जणांत तुम्ही एकच खोटा सदस्य सहन करू शकता. दोन रुग्णालये एकाच व्यवस्थापनाखाली असतील तर ती या हिशेबात एकच समजायला हवीत.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. वरचे सगळे पटले, तरी वैद्यकाच्या बाजूने काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पोटॅशियमचेच उदाहरण घेऊ. समजा खतावणीने सिद्ध केले की प्रयोगशाळेने ६.१ च पाठवला होता. रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम ६.१ होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. रक्त काढताना किंवा नमुना नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर पडते आणि आकडा खोटाच वाढून येतो. हे आम्ही नेहमी पाहतो, आणि म्हणून नमुना पुन्हा पाठवतो. नमुन्याच्या नळीवर चुकीचे लेबल लागले असेल तर चुकीच्या माणसाचा आकडा अतिशय चोखपणे, सहीनिशी, कायमचा साखळीवर चढेल. साखळी आपल्याला सांगते ते एवढेच, की लिहिल्यानंतर कोणी हात लावला नाही. लिहिले ते खरे होते का, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. आराखड्यात हे वाक्य स्पष्ट असावे, कारण ‘बदलता येत नाही’ हे शब्द ऐकले की माणसे ‘बरोबर आहे’ असे ऐकतात, आणि घाईच्या वेळी डॉक्टरही त्याला अपवाद नसतात.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या मालकीची. रुग्णाच्या खासगी कीशिवाय (फक्त त्याच्याकडे असलेल्या डिजिटल किल्लीशिवाय) नोंद उघडणार नाही अशी व्यवस्था केली, तर बेशुद्ध अवस्थेत आलेल्या माणसाची नोंद कोण उघडणार? पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी ज्या रुग्णालयाच्या नोंदीत लिहिलेली आहे ते दुसरे, आणि रुग्ण आणला आहे तो आमच्याकडे, रात्री तीन वाजता, सोबत कोणी नाही. ही माहिती आम्हाला त्याच क्षणी हवी असते. त्यासाठी आणीबाणीचा दरवाजा ठेवावाच लागतो: डॉक्टरने आपल्या ओळखीने आत जायचे, कारण नोंदवायचे, रुग्णाला शुद्धीवर आल्यावर आणि रुग्णालयाच्या पर्यवेक्षकाला लगेच तशी सूचना जायची, आणि प्रत्येक प्रसंगाची नंतर तपासणी व्हायची. माझ्या दृष्टीने साखळीचा सर्वांत चांगला उपयोग इथे आहे. आणीबाणीच्या दरवाजाने कोण आत गेले याची नोंद रुग्णालयाच्या स्वतःच्या संगणक विभागालाही पुसता येऊ नये.

शिवाय संमती फार बारीक तुकड्यांत देता येऊ लागली की तिचे वैद्यकीय परिणाम होतात. मानसिक आजाराची औषधे लपवण्याचा हक्क रुग्णाला असावा असे मला मनापासून वाटते. पण एखादी व्यक्ती लिथियम घेत असेल आणि ते आम्हाला दिसत नसेल, तर साध्या सांधेदुखीसाठी दिलेल्या आयब्युप्रोफेनने किंवा रक्तदाबासाठी दिलेल्या थायझाइड गटातल्या गोळीने तिच्या रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. आजाराचे नाव न सांगता ‘या औषधाची एका लपवलेल्या औषधाशी आंतरक्रिया होऊ शकते’ एवढा इशारा तरी व्यवस्थेने द्यायला हवा. ते काम साखळीचे नाही. पण रुग्णाला लपवण्याची सोय देणाऱ्याने त्याचा विचार त्याच बैठकीत करायला हवा.

कुलूपकिल्ली

मी माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात आहे. ‘कोणाला चोरता येणार नाहीत’ हे सादरीकरणातले वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, म्हणून त्याच्याविषयी लिहिते.

आरोग्य क्षेत्रातल्या मोठ्या घटना आठवून पाहा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (माहिती अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतली कित्येक रुग्णालये ठप्प केली. नोंदी उघडेनात म्हणून रुग्णांना परत पाठवावे लागले. २०१८ मध्ये सिंगापूरच्या सिंगहेल्थच्या व्यवस्थेतून सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. २०२० मध्ये फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या रुग्णांना त्यांची खासगी टिपणे जाहीर करण्याच्या धमक्या देऊन पैसे मागण्यात आले, आणि काहींची टिपणे जाहीरही झाली. या तिन्ही ठिकाणी नोंदींचा हॅश साखळीवर असता तरी काही वेगळे झाले नसते. चोराला नोंद बदलायची नव्हती, वाचायची किंवा अडवून धरायची होती. ते थांबवण्यासाठी एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती ठेवणे), वेळेवर केलेल्या सुरक्षा दुरुस्त्या, मर्यादित अधिकार, वेगळ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप हीच जुनी कष्टाची कामे लागतात. साखळीवरचा खर्च या कामांच्या पैशांतून होणार असेल तर मी स्पष्ट विरोध करीन.

आता हॅशविषयी. हॅशवरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही हे खरे, पण अंदाज करून तपासता येतो. एबीओ आणि आरएच धरून रक्तगट आठच आहेत. नुसत्या रक्तगटाचा हॅश कोणी साखळीवर ठेवला तर आठ हॅश काढून पाहिले की उत्तर हातात आले. जन्मतारखेचेही तसेच: शंभर वर्षांत सुमारे ३६,५०० दिवस येतात, आणि तेवढे हॅश साधा संगणक क्षणार्धात काढतो. त्यामुळे प्रत्येक नोंदीबरोबर निदान १२८ बिटांची, शक्यतो २५६ बिटांची, यादृच्छिक संख्या जोडून मगच हॅश काढायचा आणि ती संख्या मूळ नोंदीशेजारी, साखळीच्या बाहेर, गुप्त ठेवायची.

पुसून टाकण्याच्या मागणीलाही याच संख्येची मदत होते. मूळ नोंद, तिच्या प्रती आणि ही संख्या नष्ट केली की साखळीवर उरतो तो कशाशीही न जोडता येणारा ६४ अक्षरांचा अवशेष. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि कलम १७ मध्ये ती पुसून घेण्याचा हक्क आहे. पुसण्याच्या हक्काला अपवाद आहेत आणि वैद्यकीय नोंदी ठरावीक काळ जपण्याचे बंधनही बहुतेक ठिकाणी असते, तेव्हा प्रत्येक मागणी मान्य होतेच असे नाही. पण तिथल्या माहिती संरक्षण मंडळाने २०२५ मध्ये चर्चेसाठी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोख असा आहे की, माहिती संरक्षणाच्या तत्त्वांशी विसंगत ठरत असेल तिथे वैयक्तिक माहिती साखळीवर ठेवणे टाळावेच.

‘मग एन्क्रिप्ट करून ठेवू’ असे कोणी सुचवले तर मान्य करू नका. साखळीवरचे कायमचे असते, आणि आजचे कुलूप कायमचे टिकेल याची हमी नसते. क्वांटम संगणकांपुढे आजच्या सह्या आणि की-विनिमयाच्या पद्धती टिकणार नाहीत हे गृहीत धरूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. आज जन्मलेल्या बाळाची नोंद ऐंशी वर्षांनंतरही नाजूकच असणार आहे.

आणखी एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नोंद वाचता आली नाही तरी येण्याजाण्याचा मागोवा वाचता येतो. एका ठरावीक ओळख क्रमांकाच्या रुग्णासाठी कर्करोग विभागाने दर तीन आठवड्यांनी नोंद चढवली आहे एवढे दिसले तरी केमोथेरपी चालू असल्याचा अंदाज कोणीही करील. म्हणून रुग्णाची साखळीवरची ओळख प्रत्येक संस्थेसाठी वेगळी असावी, आणि त्या ओळखी एकत्र जोडणारा तक्ता साखळीवर नसावा.

राहिली मालकी. संमती साखळीवर नोंदवणे चांगले आहे. ती कधी दिली आणि कधी मागे घेतली यावर नंतर वाद होत नाही. पण संमती मागे घेतल्याची नोंद ही एक नोंदच असते. त्या क्षणापासून माहिती देणे थांबवण्याचे काम प्रत्येक रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रणालीने करायचे असते, आणि आधी उतरवून घेतलेली प्रत कोणताही स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) परत आणू शकत नाही. की हरवणाऱ्या रुग्णांचेही काहीतरी करावे लागेल. आदी शमीर यांनी १९७९ मध्ये गुपिताचे असे तुकडे करण्याची रीत दिली की, उदाहरणार्थ, पाचपैकी कोणतेही तीन तुकडे आले तरच गुपित परत मिळते आणि दोन तुकड्यांवरून काहीही कळत नाही. एक तुकडा रुग्णाकडे, एक जवळच्या नातेवाइकाकडे, बाकीचे वेगवेगळ्या संस्थांकडे, अशी वाटणी करता येते. वयस्क रुग्णांवर की परत मिळवण्यासाठीचे बारा शब्दांचे वाक्य जपण्याची जबाबदारी टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पारंबी

साध्या डेटाबेसने होणार नाही का, हा प्रश्न अजून कोणी हाती घेतलेला नाही. माझे उत्तर असे की, बरेचसे होईल.

वेबसाइट खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्रांच्या जगात हाच पेच होता: प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने गुपचूप खोटे प्रमाणपत्र दिले तर कळणार कसे? त्यावर २०१३ मध्ये सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी ही व्यवस्था आली. तिच्यात ब्लॉकचेन नाही. फक्त भर घालता येईल अशा नोंदवह्या आहेत, प्रत्येकीच्या नोंदींवर मर्कल वृक्ष (दोनदोन हॅश जोडून नवा हॅश काढत शेवटी एकाच हॅशपर्यंत जाणारी रचना) रचलेला आहे, आणि वृक्षाच्या मुळाशी येणाऱ्या एका हॅशवर नोंदवही चालवणाऱ्याची सही आहे. मर्कल वृक्षाची सोय अशी की दहा लाख नोंदींमध्ये आपली नोंद आहे हे सिद्ध करायला सारे दहा लाख हॅश लागत नाहीत. दोनदोन हॅश जोडत वर गेले की वीस पायऱ्यांत मूळ गाठता येते, म्हणून वीसच हॅश पुरतात. प्रत्येकी ३२ बाइट धरले तर ६४० बाइट झाले.

तुमच्या सहा संस्थांनी अशी एक नोंदवही चालवली, दर तासाला मुळाचा हॅश उरलेल्या पाच जणींकडे पाठवला, आणि प्रत्येकीने तो आधीच्या हॅशशी सुसंगत आहे हे तपासून त्यावर आपली सही केली, तर पोटॅशियमचा वाद मिटण्यासाठी लागणारे सगळे त्यातून मिळते. चालवायला ते पुष्कळ सोपे आहे. रुग्णालयांच्या संगणक विभागात माणसे कमीच असतात. साखळीचे सॉफ्टवेअर दर वर्षी अद्ययावत कोण करणार, याचे उत्तर नसेल तर ती व्यवस्था तिसऱ्या वर्षी कोणाला न कळता मरते.

साखळीकडी

पारंबी, तुमचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. माझी हरकत एकच: नोंदवही चालवणाऱ्या संस्थेने एखादी नोंद स्वीकारायलाच नकार दिला किंवा मुद्दाम उशीर केला तर? वाद तिच्याच विरुद्ध असेल तेव्हा हा प्रश्न खरा ठरतो. दोन स्वतंत्र नोंदवह्या चालवून प्रत्येक नोंद दोन्हींत चढवली तर तेही सुटेल. आणि लिहिणारे सगळेच एकमेकांवर अविश्वास दाखवत असतील, कोणा एकालाही रखवालदार करायला तयार नसतील, तर मात्र मी साखळीच सुचवीन. सहा संस्थांचे एकमेकींशी कसे आहे हे नोंदवहीताईंनाच ठाऊक.

नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी यांनी लिहिलेला आणीबाणीच्या दरवाजाचा भाग मी आराखड्याच्या पहिल्याच पानावर घेतला आहे. संस्थांचे संबंध चांगले आहेत, त्यामुळे पारंबी यांनी सांगितलेला नोंदवहीचा मार्ग, साखळीकडी यांनी सुचवल्याप्रमाणे दोन नोंदवह्या धरून, आधी मांडावा असे मला वाटते. साखळीचा पर्याय सदस्य वाढतील तेव्हासाठी लिहून ठेवीन.

मात्र या दरम्यान मी आमच्या संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याला बसवून एक छोटा प्रयोग केला. पोटॅशियमचाच एक चाचणीपुरता खोटा अहवाल तयार केला, तो प्रयोगशाळेच्या प्रणालीतून एचएल७ या संस्थेच्या एफएचआयआर या, आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या, मानकाच्या स्वरूपात आमच्याकडे पाठवला आणि दोन्ही बाजूंना हॅश काढला. कोणीही काही बदललेले नसताना हॅश जुळला नाही. शोधल्यावर कळले की आमच्या प्रणालीने ६.१ चे ६.१० केले होते, वेळ वेगळ्या पद्धतीने लिहिली होती आणि दोन ओळींचा क्रम उलटा केला होता. म्हणजे रोज शेकडो खरे अहवाल खोटे ठरणार. यावर उपाय काय?

साखळीकडी

हे तुम्ही आत्ताच करून पाहिलेत ते फार बरे झाले. बहुतेक ठिकाणी हे व्यवस्था सुरू झाल्यावर कळते. आणि ६.१ चे ६.१० होणे ही नुसती अक्षरांची बाब नाही. दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत यावरून मोजमाप किती अचूक होते हे कळते, म्हणून एफएचआयआर मानकातच ते अंक आहेत तसे राखायला सांगितले आहे. तुमची प्रणाली ते पाळत नाही, तेव्हा हा दोष पुरवठादाराकडे वेगळा नोंदवा.

हॅशसाठी सोपा मार्ग असा. अहवाल ज्या बाइटांच्या स्वरूपात प्रयोगशाळेतून निघाला त्याच बाइटांवर तिथे सही व्हावी आणि त्यांचाच हॅश चढावा. तुमच्या प्रणालीने आलेली मूळ फाइल न उघडता जशीच्या तशी एका वेगळ्या कप्प्यात ठेवावी आणि डॉक्टरला दाखवण्यासाठी हवे ते रूपांतर तिच्या प्रतीवर करावे. पडताळणी नेहमी मूळ फाइलवर. रूपांतर चुकले की नाही ते तपासायला एक स्वतंत्र चाचणी लिहावी, जी दोन्हींतले आकडे, एकके आणि रुग्णाची ओळख एकमेकांशी ताडून पाहील आणि फरक सापडला तर अहवाल डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधीच अडवील. माझा अंदाज आहे की तुमचा ६.१ आणि ५.१ चा घोळ अशाच एखाद्या रूपांतरात किंवा हाताने पुन्हा टाइप करताना झाला असावा. जुन्या अहवालाची मूळ फाइल प्रयोगशाळेकडे अजून शिल्लक असेल तर ती मागवून तुमच्या सध्याच्या प्रणालीतून एकदा जाऊ द्या, आणि काय बाहेर येते ते इथे जरूर कळवा.